'लाइट'ला मराठीत नेमकं काय लिहायचं? टॉवेल-चादरीच्या कॅटलॉगसाठी

बाळीवेस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. टेरी (लूपवाले) टॉवेल आणि चादरींच्या इंग्रजी कॅटलॉगचं मराठी करायला घेतलंय. सोबत धुण्याच्या सूचनांचं कार्ड आहे, आणि कारखान्यात भिंतीवर लावायचा मागाच्या मोटरच्या सूचनांचा एक कागद. तिन्हींत मिळून 'लाइट' इतक्या ठिकाणी आलाय की डोकं चालेना. शब्दकोश प्रकाश, उजेड, दिवा, हलका, फिका, सौम्य, पेटवणे, उतरणे असे सगळे अर्थ एका ओळीत देतो. कुठला कुठे बसवायचा, ते मात्र आपलं आपण बघायचं.

अडलेली ठिकाणं अशी: लाइटवेट टॉवेल. लाइट शेड्स. गुड लाइट फास्टनेस. फॉर लाइट सॉइल यूज शॉर्ट वॉश. लाइट प्रेस. ड्राय अवे फ्रॉम डायरेक्ट सनलाइट. कलर्स मे लुक डिफरंट इन अदर लाइट. मोटरच्या कागदावर लाइट लोड, लाइटिंग लोड आणि इंडिकेटर लाइट.

संगणकाकडून करून घेतलं तर 'गुड लाइट फास्टनेस'चं 'चांगला हलका वेग' झालं आणि 'लाइट सॉइल'चं 'हलकी माती'. दुसरा प्रश्न: सोलापुरात 'लाइट' सगळ्यांना कळतं, मग सरळ तोच शब्द ठेवला तर बिघडतं कुठे?

सातरस्ता

इंग्रजीत हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक होऊन बसलंय. उजेडाचा 'लाइट' लॅटिनमधल्या 'लुक्स'च्या घराण्यातला. आपल्याकडे संस्कृतातला 'रुच्' म्हणजे चमकणे हा धातू त्याच मुळाचा. त्यावरून रोचना, आणि झळझळीत किंवा सोनं या अर्थाचा 'रुक्म'. म्हणजे पंढरपूरची रुक्मिणी नात्याने इंग्रजी 'लाइट'ची चुलत बहीण लागते.

वजनाचा 'लाइट' निराळा. तो आपल्या 'लघु'चा भाऊबंद, आणि आपले 'हळू' व 'हलका' हे त्या 'लघु'चेच प्राकृतातून आलेले वंशज. जर्मनने हे दोन अजून वेगळे ठेवलेत: उजेड तो 'लिष्ट', हलका तो 'लाइष्ट'. इंग्रजी स्पेलिंगमधले मुके जी-एच हा त्याच घशातल्या उच्चाराचा अवशेष. ('डिलाइट'शी मात्र याचं काही नातं नाही. तो फ्रेंचमधून आला आणि 'लाइट'कडे बघून जी-एच घालून बसला.) तुमच्या यादीतलं 'उतरणे' वजनाच्या बाजूचं: घोड्यावरून उतरलं की घोड्याचा भार हलका होतो. खाटकाच्या इंग्रजीत 'लाइट्स' म्हणजे फुप्फुसं, कारण बाकी मांसापेक्षा ती वजनाला हलकी.

तेव्हा प्रत्येक ठिकाणी आधी ठरवा, रुक्मिणी की लघु. मग त्या जागी उलट अर्थाचा मराठी शब्द कुठला येतो ते बघा. इंग्रजीत उलट बघून उपयोग नाही, तिथे एकटा 'हेवी' नाहीतर 'डार्क' येतो. मराठीत झोप गाढ असते, म्हणून 'लाइट स्लीप' म्हणजे सावध झोप. जेवण जड असतं, म्हणून हलकं जेवण. रंग गडद, म्हणून फिकट. चहा कडक, म्हणून कमी पत्तीचा. वाहन अवजड, म्हणून 'हलके मोटार वाहन', आणि तिथे कायद्याने ७,५०० किलोची मर्यादाही आहे. पाऊस जोराचा, म्हणून हलका पाऊस. हवामान खात्याच्या हिशेबाने २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर.

उजेडाच्या बाजूलाही एक शब्द पुरत नाही. मोजायचा, अभ्यासायचा तो प्रकाश: प्रकाशवर्ष, प्रकाशाचा वेग. डोळ्यांना दिसायला लागतो तो उजेड. सूर्याचा आला की ऊन, चंद्राचा आला की चांदणं. वस्तू असेल तर दिवा. क्रियापद आलं की मराठी आणखी वाटा फोडते: दिवा लावतात, चूल पेटवतात, काडी ओढतात, उदबत्ती लावतात, आणि निमंत्रणपत्रिकेत 'दीपप्रज्वलन' होतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या बातमीत तर यातलं काहीच नसतं, तिथे असते 'रोषणाई'.

धोटा

वरचं सगळं मान्य, पण उलट शब्दाची युक्ती कॅटलॉगात पहिल्याच ओळीला दगा देते. जडच्या उलट हलका, म्हणून 'हलका टॉवेल' छापाल तर गिऱ्हाईक वाचेल 'हलक्या प्रतीचा टॉवेल'. बाजारात 'माल हलका आहे' याचा अर्थ एकच होतो. म्हणून 'वजनाला हलका' किंवा 'कमी वजनाचा' लिहा, आणि शेजारी जीएसएमचा आकडा द्या.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. टॉवेलात साधारण ३०० ते ४०० हलका, ४०० ते ६०० मध्यम, त्यावर भारी. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४०० जीएसएमला तो ४५० ग्रॅम भरला पाहिजे. मराठी वाचकाला हे ग्रॅम लगेच कळतात, म्हणून दोन्ही आकडे छापा. तपासायचं झालं तर गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा काढून वजन करायचं आणि १०० ने गुणायचं. बॉर्डरवरचा तुकडा घेऊ नका, तिथे लूप नसतात, आकडा कमी येतो. दमट हवेत पडलेला टॉवेलही घेऊ नका, सूत पाणी ओढतं आणि आकडा जास्त येतो.

लाइट शेड्स. 'फिका' टाळा. फिका म्हणजे विटलेला किंवा बेचव. 'फिकट' त्यातल्या त्यात बरा, पण त्यालाही 'उडालेला रंग' असा वास आहेच. खरा उपाय म्हणजे रंगाचं नावच द्यायचं. मोतिया, बदामी, आकाशी, अबोली, पिस्ता, लिंबू. ही नावं उच्चारताच रंग फिकट आहे हे कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. आणि 'लाइट शेड' असं देवनागरीत मुळीच लिहू नका. 'शेड' म्हणजे रंगछटा की मागाची शेड? मागाच्या कागदाशेजारी ठेवल्यावर कामगार 'शेडमध्ये उजेड आहे' असंच वाचणार.

लाइट फास्टनेस. इथे लाइट उजेडाचा आणि फास्ट म्हणजे पक्का, वेगाशी संबंध नाही. 'उन्हात रंग किती टिकतो' असं साधं लिहा, तांत्रिक तक्त्यात 'प्रकाशाला रंगाचा पक्केपणा' चालेल. आकडे जपून उतरवा. प्रकाशाची पट्टी १ ते ८ असते. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या नमुन्यासोबत उजेडात ठेवतात आणि नमुना कुठल्या पट्टीबरोबर विटला ते बघतात. प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या साधारण दुप्पट वेळ टिकते. धुण्याचा आणि घासण्याचा पक्केपणा मात्र १ ते ५ वर मोजतात. म्हणजे धुण्याला ४ हे चांगलं आणि प्रकाशाला ४ हे बेताचंच. तक्त्यात दोन्ही आकडे एकाखाली एक आले तर '८ पैकी', '५ पैकी' असं लिहाच, नाहीतर फोन सुरू होतात.

यातला गुंता असा की त्याच रंगद्रव्याची फिकट छटा गडद छटेपेक्षा उन्हात लवकर उडालेली दिसते, कारण मुळात रंग कमी असतो. थोडक्यात, लाइट शेडचा लाइट फास्टनेस कमी. हे वाक्य मराठीत नीट लिहिता आलं तर तुमचं भाषांतर जमलं समजा: 'फिकट रंग उन्हात लवकर उडतात.' पाच शब्दांत होतं.

इन अदर लाइट. 'वेगळ्या प्रकाशात रंग वेगळा दिसू शकतो.' ही फक्त जबाबदारी झटकणारी ओळ नाही. दोन कपडे ट्यूबखाली एकसारखे आणि उन्हात वेगळे दिसू शकतात, याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून छटा जुळवायला पेटी वापरतात, तिच्यात दिवसाच्या उजेडाचा ६,५०० केल्विनचा दिवा, दुकानातल्या ट्यूबसारखा ४,००० च्या आसपासचा आणि जुन्या पिवळ्या बल्बसारखा २,८५६ चा असे दिवे असतात. तिला रंगखात्यात 'लाइट बॉक्स' म्हणतात. तो शब्द तसाच ठेवा, 'हलकी पेटी' करू नका म्हणजे झालं.

काळीमाती

'लाइट सॉइल' धुण्याच्या कार्डावर आहे, तेव्हा सॉइल म्हणजे मळ: 'कपडे थोडेच मळले असतील तर'. पण संगणकाने 'हलकी माती' केली यात नवल नाही. 'हलकी जमीन' हा आपल्या जिल्ह्यात रोजचा शब्द आहे, फक्त अर्थ इंग्रजीहून वेगळा. इंग्रजीत 'लाइट सॉइल' म्हणजे वाळूसर, औताला सोपी जमीन, म्हणजे कणांवरून ठरलेली. आपल्याकडे हलकी, मध्यम, भारी हे खोलीवरून धरतात: ३० सेंटिमीटरपर्यंत हलकी, ६० पर्यंत मध्यम, त्याखाली भारी. ज्वारीचा वाण त्यावरूनच निवडायचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हलक्या जमिनीला फुले अनुराधा, भारीला फुले वसुधा अशी आहे. बघा, इथे हलकीच्या उलट 'भारी' आलं, 'जड' नाही. कोणी शेतीचं पुस्तक भाषांतरित करत असेल तर हे ध्यानात ठेवा.

तीनफेज

मोटरच्या कागदाबद्दल. इथे चूक झाली तर हसू येणार नाही, बोटं जातील.

तुमचा दुसरा प्रश्न होता, 'लाइट' तसाच ठेवला तर काय बिघडतं. सोलापुरात 'लाइट' म्हणजे आधी वीजपुरवठा. लाइट गेली, लाइट आली, लाइट बिल. आणि दिवा हा दुसरा अर्थ: लाइट लाव, लाइटी लावल्या. आता भिंतीवर 'मागाला हात लावण्यापूर्वी लाइट बंद करा' असं लिहिलंय असं समजा. एक जण मेन पाडेल, दुसरा डोक्यावरची ट्यूब बंद करेल आणि अंधारात चालू मोटरला हात घालेल. म्हणून सुरक्षेच्या वाक्यात 'लाइट' हा शब्द कधीच नको. 'मेन स्विच बंद करा. फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा. टेस्टरने तिन्ही फेज तपासा.' टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून पेटतो का ते बघायचं, हेही लिहा. बिघडलेला टेस्टर पेटत नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं सप्लाय नाही.

लाइट लोड आणि लाइटिंग लोड यांत एवढ्याशा फरकाने अर्थ पार बदलतो. लाइटिंग लोड म्हणजे दिव्यांचा भार, शेडमधल्या ट्यूब-बल्बचे एकूण वॉट. लाइट लोड म्हणजे कमी भार, मोटर जवळजवळ रिकामी फिरतेय. 'हलका भार' लिहिलं तरी कळेल, पण 'कमी भार' जास्त स्पष्ट. कागदावर हे का दिलंय तेही सांगतो: कमी भारावर इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला उपयोगी कामाचा वाटा, पडतो. पूर्ण भारावर ०.८ च्या पुढे असणारा आकडा रिकाम्या मोटरला ०.३ च्याही खाली जाऊ शकतो. चुंबकीय क्षेत्र उभं करायचा प्रवाह भार असो नसो तेवढाच लागतो, उपयोगी काम मात्र कमी होतं. म्हणून गरजेपेक्षा मोठी मोटर बसवू नका आणि माग बंद असताना ती रिकामी फिरवू नका, असा त्या ओळीचा अर्थ.

इंडिकेटर लाइटला 'दर्शक दिवा' लिहा, नाहीतर सरळ 'लाल, पिवळा, निळा दिवा'. पॅनेलवर तिन्ही फेजचे तेच तीन रंग असतात. 'तीनपैकी एकही दिवा विझलेला असेल तर माग सुरू करू नका' एवढं पुरे. एक फेज गेली की चालती मोटर उरलेल्या दोनांवर घुमत राहते, जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंग जळतं. दिव्याचा बल्बच गेला असण्याचीही शक्यता असते, पण ते तपासणं वायरमनचं काम.

बाळीवेस

सगळ्यांचे आभार, निम्मं काम इथेच झालं. पण कॅटलॉगच्या पहिल्या पानावर 'लाइट'चे समानार्थी शब्दही भरलेत. ग्लो, शीन, शिमर, ग्लीम, एकाच परिच्छेदात चारही. चौघांना 'चमक' लिहिलं तर वाईट दिसेल का?

सातरस्ता

वाईट दिसेलच, शिवाय चुकीचंही होईल. इंग्रजीत ग-ल ने सुरू होणारी पलटण आहे, तिच्यातला प्रत्येक जण वेगळं काम करतो. 'ग्लो' आतून येणारा, ज्योत नसलेला उजेड, निखाऱ्याचा: धग, लाली, चेहऱ्याचा असेल तर तेज. 'ग्लीम' म्हणजे घासलेल्या तांब्याची लकाकी. 'ग्लिटर' म्हणजे टिकल्यांची चमचम. 'ग्लिमर' म्हणजे मिणमिण. 'ग्लेअर' डोळे दिपवतो, त्यात कौतुक नाही, तक्रार आहे. पलटणीबाहेरचे 'शिमर' म्हणजे हलत्या पाण्यावरची झिलमिल आणि 'ट्विंकल' म्हणजे चांदण्यांचं लुकलुकणं. 'बीम' असेल तर झोत, पण दाराच्या फटीतून उन्हाची रेघ आली तर तिरीप, आणि ती जमिनीवर पडून ठिपका उमटला तर कवडसा. कवडशाला इंग्रजीत एक शब्द शोधून दाखवा.

मराठीचा कल शब्द दुहेरी करण्याकडे आहे: लखलख, झगमग, मिणमिण, लुकलुक, झळझळ, चमचम. पण एका परिच्छेदात दोनाहून जास्त आले की बडबडगीत होतं. कापडाला 'शीन'साठी 'तकाकी' घ्या, बाकीचे तीन गाळा.

धोटा

तकाकी कशावर आहे ते तपासून मगच लिहा. टेरीचे लूप चमकत नाहीत, त्यांच्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. चमकते ती बॉर्डर, तेही सूत मर्सराइज्ड असेल किंवा त्यात व्हिस्कोस असेल तर. मर्सराइज करताना सूत ताणून धरून दाट कॉस्टिक सोड्यातून काढतात. धागा फुगून गोल होतो आणि म्हणून तकाकी येते. लूप कापलेला व्हेलूर टॉवेल असेल तर त्यालाही मखमली झाक येते, पण पाणी तो लूपवाल्यापेक्षा कमी शोषतो. अख्ख्या टॉवेलाला 'तकाकी' म्हणाल तर गिऱ्हाईक हातात घेऊन विचारेल, कुठाय?

आणि 'बीम' देवनागरीत लिहायचा मोह टाळा. आपल्याकडे बीम म्हणजे ताण्याचं (मागातल्या उभ्या धाग्यांचं) बीम, दुसरं काही नाही.

कार्डावरचं 'लाइट प्रेस' राहिलं. ते 'हलक्या हाताने इस्त्री', म्हणजे दाब कमी. इस्त्री किती तापवायची ते ठिपके सांगतात: एक ठिपका साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. टेरीला तर इस्त्री नकोच, लूप चेपतात. ती ओळ चादरीसाठीच ठेवा. 'अवे फ्रॉम डायरेक्ट सनलाइट'ला 'थेट सूर्यप्रकाशापासून दूर' वगैरे नको. 'सावलीत वाळवा'.

चाटीगल्ली

भिंतीवरचा कागद तेलुगू आणि कन्नडमध्येही लागणार असेल तर ऐका. तिथे हे अर्थ आपोआप वेगळे होतात. तेलुगूत उजेड 'वेलुगु', वजनाला हलकं 'तेलिक', रंग फिकट असेल तर 'लेत', म्हणजे कोवळा. कन्नडमध्ये अनुक्रमे 'बेळकु', 'हगुर' आणि 'तिळि'. रंगाला 'कोवळा' म्हणणं मला तर मराठीतही आवडेल, आपण कोवळं ऊन म्हणतोच की.

धोका दुसरीकडे आहे. आपण म्हणतो लाइट गेली. तेलुगूत म्हणतात 'करंट पोयिंदि', कन्नडमध्ये 'करंट होयितु'. म्हणजे त्यांचा करंट तो आपला वीजपुरवठा. मराठीत मात्र 'करंट बसला' म्हणजे शॉक. एकाच शेडमध्ये तिन्ही भाषा बोलल्या जातात, तेव्हा 'करंट आहे का बघा' हे वाक्य मराठी माणसाला 'शॉक लागतो का हात लावून बघा' असंही ऐकू येऊ शकतं. तिन्ही कागदांवर 'मेन' हाच शब्द ठेवा, तो सगळ्यांचा एक आहे. आणि शेजारी स्विचचं चित्र काढा.

बाळीवेस

भिंतीवरच्या कागदाचा मसुदा असा केलाय, बघा बरं:

'मेन स्विच बंद करा. फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा. चालू ठिकाणी तपासलेल्या टेस्टरने तिन्ही फेज बघा. मगच मोटरला हात लावा. सुरू करताना लाल, पिवळा, निळा असे तिन्ही दिवे लागलेले असले पाहिजेत. माग बंद असेल तर मोटर रिकामी फिरवू नका.'

कार्डावर: 'कपडे थोडेच मळले असतील तर कमी वेळ धुवा. सावलीत वाळवा. फिकट रंग उन्हात लवकर उडतात.'

तीनफेज

कार्डाचं धोटा सांगतील. कागदात एकच दुरुस्ती. पहिलं वाक्य 'माग थांबवा' हे हवं, मेन त्यानंतर. चालत्या मागाचा मेन पाडला तर मागातला धोटा (शटल) मध्येच अडकतो आणि ताणा तुटतो. शेवटी फ्यूज परत बसवायचं वाक्यही राहिलंय: 'ज्याने फ्यूज काढला त्यानेच तो बसवावा.'